कधीच न भरणारी टाकी

बसाप्पा मिस्त्री दारात आला की आधी टाच आपटायचा. बेल नाही, हाक नाही. अंगणातल्या फरशीवर उजव्या पायाची टाच दोनदा आपटायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि मग म्हणायचं, "अक्का, पाणी." जमिनीचा आवाज पटला तरच बसाप्पा त्या घरचं पाणी पितो, असं आमच्या कॉलनीत थट्टेनं म्हणत. त्याला जाऊन आता वर्ष होईल. अजूनही दुपारच्या वेळी अंगणात काही पडलं, नारळाची झावळी म्हणा की शेजारच्यांची बादली म्हणा, की माझा हात तांब्याकडं जातो. आणि मग छातीत धस्स होतं.

भीतीचं आधीच सांगून टाकते. मी मुळातली भित्री. गॅस बंद केला की नाही म्हणून बसस्टॉपवरून घरी परत येणारी. बालवाडीत शिकवायची तेव्हा सहलीला निघालेली पोरं मी दर दहा मिनिटांनी मोजायची. आमचे हे म्हणतात, "हिला भ्यायला कारण लागत नाही." पण गेल्या उन्हाळ्यात मला खरोखरीचं कारण मिळालं. तेव्हा ह्यांचीही थट्टा थांबली, आणि माझी भीती अर्धी उचलून धरायला एकच माणूस उरला. तो बसाप्पा.

बसाप्पा मूळचा नेसरीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि गवंड्यांवर ओरडताना दोन्ही. अंगानं काटक, डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी, आणि बंडीच्या खिशात कायम विटेचा एक तुकडा. पेन्सिल, खडू यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. भिंतीवर, फरशीवर, एकदा तर आमच्या नव्या दारावर त्यानं विटेनंच खूण ओढली होती. मी ओरडले तर म्हणाला, "दम खावा अक्का. रंग द्यायचाच हाय की अजून." 'दम खावा' हे त्याचं सगळ्यावरचं औषध. सिमेंट आलं नाही, दम खावा. पाऊस आला, दम खावा. आमच्या घराची वास्तुशांत मिस्त्रीच्या कामामुळं दोनदा पुढं गेली तेव्हा भटजींनाही त्यानं दम खायला लावला होता.

आमची कॉलनी कळंब्याच्या अलीकडं, उतारावर. इथं गटाराची लाइन फक्त निवडणुकीच्या भाषणात येते. त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या घराखाली संडासाची टाकी बांधलेली, आणि निम्म्या टाक्या बसाप्पाच्या हातच्या. घरं कुणाकडूनही बांधून घ्या, टाकी बसाप्पाचीच, अशी पद्धतच पडली होती. कारण बसाप्पाची टाकी भरत नाही. बाकीच्यांच्या टाक्या चार वर्षांत तुंबतात, गाडी बोलवावी लागते, गल्लीभर वास सुटतो, बायका आठवडाभर खाली मान घालून फिरतात. बसाप्पाच्या टाकीचं झाकण एकदा बसलं की बसलं. आमच्याकडं पाहुणे आले की हे त्यांना घर दाखवता दाखवता शेवटी अंगणात आणायचे आणि पाय आपटून सांगायचे, "अठरा वर्षं झाली पावणं, अजून उघडलेली नाही." पाहुणे मान डोलवायचे. त्या झाकणावर आम्ही फरशी घातली होती आणि फरशीवर झोपाळा. उघडायचीच नाही म्हटल्यावर जागा वाया का घालवा?

टाकी बांधताना त्याचा एक रिवाज होता. खड्डा झाला, भिंती उभ्या राहिल्या की बुडाचं काम करायला तो एकटा आत उतरायचा. बाकीच्यांना चहाला पिटाळायचा. वर आला की घरच्या बाईला बोलवायचा, हळदकुंकू वाहायला आणि नारळ फोडायला लावायचा. मला मेलीला लाज वाटली होती. संडासाच्या टाकीला कुंकू? पण बसाप्पा गंभीर. "घर वरनं बघू न्हाई अक्का, खालनं बघावं. हिचा मान देवघराच्या आधी." मग तो टाकी पाण्यानं काठोकाठ भरायचा, आतल्या भिंतीवर विटेची रेघ ओढायचा आणि घरी जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना जमवून झाकण उचलायचा. आत ठणठणीत कोरडं. "प्यायली बघा!" म्हणून असा काही हसायचा की बघणाऱ्यालाही हसू यायचं. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते. पाणी गेलं कुठं, असं एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर गॅस बघायला परत येणारी बाई.

गेल्या वर्षी रंगपंचमी झाली आणि आठवड्यानं मेघाचं डोहाळेजेवण केलं. मेघा माझी एकुलती एक लेक, सांगलीला दिलेली. सातवा महिना लागला होता. झोपाळा फुलांनी सजवला, हिरवी साडी नेसवून तिला त्यावर बसवलं, बायकांनी ओटी भरली. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. कैरीचं पन्हं केलं होतं, ते कमी पडायला लागलं. फिल्टरचं पाणी संपलेलं, नळाला पाणी दुसऱ्या दिवशी. परसात आमचा आणि शेजारच्या जाधवांचा मिळून एक आड आहे, त्यावर मोटर आहे. त्याचं पाणी आम्ही भांड्याला, धुण्याला, झाडांना वापरतो. उन्हाळ्यात ते गार लागतं. मी बादली भरून आणली आणि पन्ह्यात ओतली. मेघानं दोन पेले घेतले. "आई, आजचं पन्हं काय गार झालंय गं," म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांत कॉलनीत कावीळ आली. आधी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, मग त्याच्या भावाला, मग खालच्या गल्लीत एकेका घरात. लोक कावीळ उतरवणाऱ्याकडून मुळी घालून आले, उसाचा रस प्याले, दुकानातल्या वड्यांना नावं ठेवून झाली. मग खालच्या गल्लीतली शिंद्यांची सून गेली. सात महिन्यांची गरोदर होती. शुक्रवारी दवाखान्यात नेली आणि सोमवारी घरी आणली ती तशी. डॉक्टर म्हणाले, ही कावीळ पाण्यातून येते, बाकीच्यांना एवढं करत नाही, पण पोटुशी बाईला सोडत नाही. मी ते ऐकून घरी आले आणि स्वयंपाकघरात उभीच राहिले. भाजी करपली तरी मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं, बादली आणि पन्ह्याचं पातेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात टाच वाजली. एकदाच. मी तांब्या घेऊन बाहेर आले. बसाप्पाला फिल्टरचं पाणी आवडायचं नाही, "मेल्यागत लागतंय" म्हणायचा. त्याचा तांब्या मी वर्षानुवर्षं आडाच्या पाण्यानं भरत आले होते.

"पाणी नको अक्का," तो म्हणाला.

अठरा वर्षांत त्यानं आमच्या दारात पाण्याला नको म्हटलं नव्हतं. तो झोपाळ्यावर बसला नाही, फरशीवरही उभा राहिला नाही. बाजूला मातीत उकिडवा बसला.

"मेघाताई बाळंतपणाला कवा यायची?"

"सोमवारी."

"यायला नको म्हणा."

"का?"

तो विटेच्या तुकड्यानं मातीत रेघा मारत राहिला. "टाकीला बूड न्हाय अक्का."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय. खाली नुसता मुरूम, वर दोन बुट्ट्या कोळसा आन् वाळू. मी कुणाच्याच टाकीला बूड घातल्यालं न्हाय. म्हणून भरत न्हाईत. भरतील कशा? खालनं जातंय की सगळं."

"कुठं जातंय?"

त्यानं मान वळवून परसाकडं बघितलं. आमच्या आडाकडं. टाकीपासून आड मोजून सोळा पावलं आहे, मी नंतर मोजली.

मग त्यानं मला एक जुनी गोष्ट सांगितली. ऐन उमेदीत तो एका ठेकेदाराबरोबर कोकणात, मालवणच्या पुढं, खाडीकाठी घरं बांधायला गेला होता. तिथं सगळी वाळू. बिनबुडाची टाकी तो तिथंच शिकला. भरती आली की टाकी खालून भरायची, ओहोटी लागली की रिकामी व्हायची. "समुद्र आमची टाकी रोज उपसून न्यायचा अक्का. आमास्नी लई मजा वाटायची." त्याच खाडीत बायका गुडघाभर पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करायच्या. त्यातली एक म्हातारी एकदा काठावर येऊन त्याला म्हणाली होती, "मिस्त्र्या, तुझ्या टाकयेतला आमच्या ताटात येता." हा हसला होता. पुढं त्या वाडीत पोरं आजारी पडायला लागली, विहिरी खराब झाल्या, तेव्हा एका जाणत्या मिस्त्रीनं संडासात रंग ओतून विहिरीत निघालेला दाखवला. बसाप्पा ते बघून गावी पळून आला.

"मला वाटलं, तिथं वाळू हाय म्हणून तसं झालं," तो म्हणाला. "आपल्यात मुरूम हाय, खडक हाय. गाळून जाईल, साफ हुईल. असं म्हणत म्हणत जल्म गेला. शिंद्यांची टाकी बी माझीच हाय अक्का. नारळ त्या पोरीच्या सासूनं फोडलाय. आता डोळं मिटलं की ती कोकणातली म्हातारी दिसती."

आणि तेव्हा मी त्याला पन्ह्याचं सांगितलं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं, मेघाला तर नाहीच. त्यानं ऐकून घेतलं. दम खावा म्हणेल असं वाटलं होतं मला. म्हणाला नाही. "किती दिस झालं?" एवढंच विचारलं आणि बोटांवर मोजायला लागला. डॉक्टर म्हणाले होते, ही कावीळ दिसायला दीड-दोन महिनेसुद्धा लागू शकतात. आमच्या बोटांवरचे दिवस अजून संपायचे होते.

त्या संध्याकाळी मी मेघाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, इथं साथ आहे. ती रुसली. "माहेरी येऊ नको म्हणणारी तूच पहिली आई असशील." मी म्हटलं, "बरं बाई, मीच पहिली. आता आरशासमोर जा आणि डोळे बघ." "काय बघू?" "पांढरे आहेत ना?" ती हसायला लागली. मी फोन ठेवला आणि पदर तोंडात धरून रडले.

ह्यांना बसाप्पाचं पटेना. अठरा वर्षांचा अभिमान असा एका दुपारीत सोडवत नाही. "आपण फिल्टरचं पितो की मिस्त्री," हे म्हणाले. बसाप्पानं विचारलं, "कोथमीर कशानं धुता सायब? दात कशानं घासता?" मग बसाप्पानं रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग मागितला. डबाभर होता. त्यानं तो आमच्या संडासात ओतला, वरून बादल्यांवर बादल्या पाणी टाकलं आणि म्हणाला, "रोज सकाळी आडाचं पाणी पांढऱ्या बादलीत काढून बघायचं."

पहिल्या सकाळी पाणी स्वच्छ. दुसऱ्या सकाळी स्वच्छ. हे चहा पिताना शीळ घालायला लागले. तिसऱ्या सकाळी मी बादली बघताना मनातल्या मनात जोतिबाला नवस बोलले. स्वच्छ. चौथ्या सकाळी मोटर लावली, बादली भरली आणि उन्हात नेली. पाणी हिरवट होतं. फार नाही, पालक धुतल्यावर होतं तेवढंच. मी ओरडलेसुद्धा नाही, बादली धरून उभी राहिले. हे आले, वाकून बघितलं, आणि हळूच खाली बसले. म्हणाले, "डोहाळेजेवणाला तू आडाचं पाणी..." मी होकारार्थी मान हलवली. बायको माझी भित्री, असं त्या दिवसापासून ते कुणाला सांगत नाहीत.

बादलीचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेला आणि बसाप्पाच्या नावानं शिमगा सुरू झाला. मला वाटलं, आता हा माणूस नेसरीला निघून जाईल. एकदा पळालेलाच होता. पण दुसऱ्या दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन जाधवांच्या दारात उभा. जाधव तसा माणूस वाईट नाही, तोंडानं फटकळ. सगळ्या गल्लीसमोर त्यानं बसाप्पाला झाडलं.

"तूच बांधलीस, तूच पेढं खाल्लंस, आन् आता तूच फोडतो म्हणतोस? लाज हाय का?"

"हाय की," बसाप्पा म्हणाला. "म्हणून तर आलोय."

फरशी फुटली, झाकण उचललं. जाधव वाकून, काडी पेटवून आत बघायला गेला, तोच बसाप्पानं त्याची कॉलर धरून मागं ओढला. दोघंही मातीत पडले. "त्यात वायू असतोय! मान घातल्यालं मानूस परत येत न्हाय!" बसाप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं भोवती दोरी बांधली, गाडी बोलवून वरूनच पाइपनं टाकी उपसून घेतली, आत चुना टाकला, मुरमानं गच्च भरली. आत कुणाला उतरू दिलं नाही, स्वतःही उतरला नाही.

मग आमची. झोपाळा काढला तेव्हा त्याच्या कड्यांना डोहाळेजेवणाची सुकलेली फुलं अजून अडकलेली होती. नवी टाकी त्यानं पुढं, रस्त्याच्या बाजूला घेतली, आडापासून जमेल तेवढी लांब. या वेळी बुडाचं काम एकट्यानं केलं नाही. आम्हा दोघांना, जाधवाला, आणखी चार घरच्यांना काठावर उभं केलं आणि सगळ्यांच्या देखत सळी, खडी, सिमेंट असं बूड घातलं. प्रत्येक थराला वर बघून विचारायचा, "दिसतंय न्हवं?" आम्ही हो म्हणायचो. "तीन वर्सांनी उघडायची, उपसायची. भरंल, आन् भरायलाच पायजे. न्हाय भरली तर मला बोलवा, म्हंजे काय तरी चुकलंय." तो त्या दिवसांत आमच्याकडं पाणी प्यायचा ते उकळलेलं, तेही मी डोळ्यांसमोर उकळलं तर. काम सुरू करायच्या आधी मात्र रोज एकच विचारायचा.

"डोळं?"

"पांढरे," मी म्हणायची.

मग तो टाच आपटायचा आणि कामाला लागायचा. मेघाचा फोन सकाळी आठला व्हायचा, तो साडेआठला यायचा. एक दिवस तिचा फोन लागेना. साडेआठ झाले, नऊ झाले. बसाप्पा अंगणात, मी दारात, आम्ही एकमेकांकडं न बघता नुसते थांबलो होतो. सव्वानऊला फोन आला, चार्जर बिघडला होता म्हणे. मी बाहेर येऊन "पांढरे" म्हटलं तर बसाप्पानं टोपी काढून तोंड पुसलं. त्याच सुमारास त्याला धाप लागायची, जेवण जात नाही म्हणायचा. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल. तो म्हणाला, "व्हय की, ऊनच."

शेवटचं त्याला बघितलं ते टाकी तपासायच्या सकाळी. आदल्या दिवशी त्यानं नवी टाकी काठोकाठ पाण्यानं भरली होती आणि भिंतीवर विटेची रेघ ओढली होती. नारळ नाही, कुंकू नाही. "ते आता राहू द्या," म्हणाला. सकाळी तो आमच्या आधीच येऊन काठावर बसला होता, टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली, नजर पाण्यावर. त्या दिवशी टाच वाजली नाही, त्यामुळं तो आलाय हे मला उशिरा कळलं. मी जवळजवळ पळतच बाहेर आले, कारण माझ्याकडं बातमी होती.

"मिस्त्री, मेघाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. काही नाही! डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही."

"डोळं?"

"पांढरेशुभ्र!"

"बरं झालं अक्का," तो म्हणाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. हसताना मान वर केली. ऊन त्याच्या तोंडावर पडलं.

त्याचे डोळे हळदीनं रंगवल्यासारखे पिवळे होते.

मला आठवले ते तांबे, अठरा वर्षांचे, माझ्या हातानं भरलेले. त्याला कळलं मी काय बघितलं ते. त्यानं टोपी परत खाली ओढली आणि हात वर केला.

"दम खावा अक्का. माझ्याकडं बघू नगा. पाण्याकडं बघा. उतरलंय का सांगा. मला आता नीट दिसंना."

मी टाकीच्या काठावर गुडघे टेकून वाकले. रेघ अगदी पाण्याला टेकून होती. बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं.

"नाही उतरलं," मी म्हटलं. "जागच्या जागी आहे."